तव्यावरचा गार्लिक टोस्ट : ओव्हन नाही, ओटीजी नाही, आणि लसूण जाळायचा नाही

मागच्या मे महिन्यात भाची पुण्याहून सुट्टीला आलेली, दुपारी चारला उठली आणि म्हणाली मामा गार्लिक ब्रेड कर ना. आता जुळे सोलापुरात मे महिन्यात दुपारी चारला बाहेर जाऊन गार्लिक ब्रेड आणायचा म्हणजे आपलाच टोस्ट होतो, आणि बाहेरच्या त्या चार तुकड्यांना जे पैसे घेतात ते बघून आईचं ठरलेलं वाक्य येतं की एवढ्यात किलोभर शेंगा आल्या असत्या. म्हटलं त्यात काय एवढं, ब्रेड आहे, बटर आहे, लसूण आहे. भाकरीचा तवा ठेवला, मोठा गॅस, तव्यावर बटर, बटरमधे बारीक चिरलेला लसूण, वर ब्रेड. दीड मिनिटात लसूण काळा, ब्रेडच्या मधोमध काळा गोल आणि चारी कोपरे पांढरे फटक. चव कडू, अगदी औषधासारखी. भाचीने एक घास खाल्ला आणि शहाण्या मुलीसारखं म्हणाली, "मामा, सॉस आहे का?"

माझा एक मित्र पूर्वी नव्या पेठेत सँडविचची गाडी लावायचा, त्याला फोन केला. मी अजून निम्मं सांगतोय तोवर तो म्हणाला, "लसूण आधी टाकलास काय बे? मग जळणारच की." पुढची वीसेक मिनिटं त्याने जे सांगितलं आणि नंतर वर्षभरात मी स्वतः जे उद्योग करून बघितले ते सगळं इथे लिहितोय. मुद्दा एकच आहे, ब्रेड भाजायला जेवढी आच आणि जेवढा वेळ लागतो तेवढ्यात लसूण जळून जातो, म्हणून दोघांना एकत्र तव्यावर सोडायचंच नाही. आधी ब्रेड, लसूण शेवटच्या अर्ध्या मिनिटात. बाकी सगळी कारागिरी आहे.

आधी साहित्य सांगतो, तीन-चार माणसांपुरतं. ब्रेडचे जाड सहा स्लाइस, बटर ६० ग्रॅम, गावरान लसणाच्या १०-१२ पाकळ्या (त्या मोठ्या पाकळ्यांचा लसूण असेल तर ५-६ बास), मूठभर कोथिंबीर, ओव्याची ४ पानं, अर्धा चमचा भरड कुटलेली लाल मिरची, थोडी मिरपूड, एक चमचा तेल. मीठ लिहिलं नाही कारण आपल्याकडचं नेहमीचं पिवळं बटर खारटच असतं, वरून मीठ घातलं की वाट लागते. घरचं लोणी वापरणार असाल तर मात्र पाव चमचा मीठ घाला.

ब्रेडचं बोलू. पाकिटातला पातळ स्लाइस ब्रेड चालतो, पण त्याला बाहेरून कुरकुरीत करेपर्यंत आतूनही तो वाळून जातो आणि मग टोस्ट नाही, खारी होते. बेकरीत न कापलेला ब्रेड मिळतो तो घ्या, मी बेकरीवाल्या चाचांना जाड कापून द्या म्हणतो, दीड-दोन सेंटीमीटर, ते दर वेळी "किती माणसं आहेत" असं विचारून स्वतःच्या अंदाजाने कापतात आणि अंदाज बरोबर असतो. ताजा गरम ब्रेड नको. कालचा हवा. ताज्यात ओल जास्त, बटर लावताना फाटतो आणि तव्यावर नुसता दमट होत बसतो. कालचा ब्रेड फ्रिजमधे ठेवलेला असेल तर कडक लागतो, त्याचं कारण म्हणजे फ्रिजच्या थंडीत ब्रेडमधला स्टार्च लवकर घट्ट होतो, बाहेर ठेवल्यापेक्षाही लवकर, पण गरम केलं की तो परत मऊ पडतो, त्यामुळे टोस्टसाठी असला शिळा ब्रेड उलट बराच. लादीपाव असेल तर आडवा कापून घ्या, पण त्याची कापलेली बाजूच तव्याला लावा, वरची तपकिरी बाजू आधीच भाजलेली असते ती लगेच करपते.

आता लसूण. इथे जरा थांबतो कारण सगळा खेळ इथेच आहे. अख्ख्या लसणाला वास फारसा नसतो, बघा पाकळी सोलून नाकाशी धरून. वास येतो तो चिरल्यावर, ठेचल्यावर. पाकळीच्या पेशींमधे एक पदार्थ आणि त्याच्यावर काम करणारं एन्झाइम वेगवेगळ्या कप्प्यात असतात, ठेचलं की कप्पे फुटतात, दोघं एकत्र येतात आणि अ‍ॅलिसिन नावाचं तिखट, झणझणीत रसायन तयार होतं. जेवढं बारीक ठेचाल तेवढं जास्त. आणि आच लागली की ते एन्झाइम मरतं, पुढे नवीन तिखटपणा तयार होत नाही. म्हणजे लसूण ठेचून दहा मिनिटं ठेवला तर त्याला खरा जोर येतो, आणि अख्खी पाकळी किंवा जाड काप सरळ गरम बटरमधे गेले तर लसूण गोडसर, मवाळ राहतो. दोन्ही चवी चांगल्या, पण वेगळ्या.

मी दोन्ही घेतो. अर्ध्या पाकळ्या खलबत्त्यात चिमूटभर मीठ घालून ठेचतो (हे मीठ चालतं, चिमूटभरच) आणि वाटीत बाजूला ठेवून देतो. मिक्सर नको, एवढ्याशा लसणाला मिक्सरचं पातंही लागत नाही, भांड्याच्या भिंतीला चिकटून बसतो आणि तो खरवडण्यातच जीव जातो. उरलेल्या अर्ध्या पाकळ्या सुरीने बारीक चिरायच्या.

फोडणीच्या पळीत एक चमचा बटर आणि एक चमचा तेल घ्या, अगदी बारीक गॅस. हे नुसतं घालून विसरू नका, बघत राहा, ऐकत राहा. बटर वितळलं की आधी चुरचुर आवाज येतो आणि पांढरा फेस येतो. तो आवाज बटरमधल्या पाण्याचा, बटरमधे साधारण ८० टक्के स्निग्धांश असतो आणि बाकी बरंचसं पाणी, ते उडून जात असतं. जोवर चुरचुर चालू आहे तोवर तापमान फार वर जात नाही, आणि हीच वेळ लसूण टाकायची. चिरलेला लसूण टाका, चमच्याने हलवत राहा. कच्चा उग्र वास आधी येईल, मग साधारण मिनिटभरात तो वास बदलतो, नाकाला टोचायचा थांबतो आणि खमंग गोड होतो. फेस बसत आला, चुरचुर कमी झाली, लसणाच्या एखाद्या तुकड्याची कड पिवळसर दिसली की गॅस बंद आणि पळी लगेच खाली. सोनेरी होईपर्यंत थांबलात तर तो खाली उतरवल्यावर तपकिरी होणार, कारण पळी गरम असते आणि आत शिजणं चालूच राहतं. आपण वरणाच्या फोडणीला लसूण चांगला लाल करतो ना, ती सवय इथे सोडायची. वरणात ते पाण्यात जाऊन थांबतं, इथे थांबवायला कुणी नाही.

ह्या पळीत शेवटी ओव्याची पानं बारीक चिरून टाकायची. आता म्हणाल गार्लिक हर्ब टोस्टमधे ओव्याची पानं कुठून आली. तर पिझ्झाबरोबर ती ऑरिगॅनोची पुडी येते ना, त्या ऑरिगॅनोचा जो मुख्य वास आहे तो कार्व्हाक्रोल नावाच्या द्रव्याचा, आणि आपल्या गॅलरीतल्या कुंडीत ते जाड, लुसलुशीत, लव असलेलं ओव्याचं पान असतं, ज्याची आपण पावसाळ्यात भजी करतो, त्यातही तेच असतं. पान चुरगाळून वास घ्या आणि मग ती पुडी फोडून वास घ्या, लगेच कळेल. ह्या पानात पाणी भरपूर असतं म्हणून कच्चं न घालता त्या गरम बटरमधे अर्धा मिनिट परतायचं, पाणी उडतं आणि वास बटरमधे उतरतो. चारच पानं, जास्त घातली तर खोकल्याच्या काढ्याची आठवण येते, हा अनुभव घेऊन झालाय.

तसंच बेसिल. बाजारात परदेशी भाजीच्या नावाखाली महागात मिळतं, आणि इथे प्रत्येक दुकानात मिळतंच असंही नाही. पण फालुद्यात घालतो तो सब्जा म्हणजे त्याच बेसिलचं बी. मूठभर सब्जा कुंडीत पसरला, वरून थोडी माती भुरभुरली आणि पाणी मारत राहिलं तर आठवड्याभरात उगवतो, दीड-दोन महिन्यांत पानं खुडण्याजोगी होतात. मी लावला तेव्हा आईने ती तुळस समजून त्याला हळदकुंकू वाहिलं होतं. तुळशीची पानं मात्र टोस्टमधे घालू नका, चव वेगळी, लवंगेसारखी उग्र, आणि आमच्या घरात तर त्यावरून महाभारत होईल.

काहीच नसेल तर नुसती कोथिंबीर. लक्ष्मी मंडईतून आणलेली ताजी जुडी असेल तर दुसऱ्या कशाची गरजही नाही. फक्त एक करा, धुऊन झाल्यावर फडक्यावर पसरून पूर्ण कोरडी करा, मगच चिरा. ओली कोथिंबीर बटरमधे गेली की बटर फुटल्यासारखं होतं आणि तव्यावर तडतड उडतं. कोवळे देठ फेकायचे नाहीत, वास देठातच जास्त. ऑरिगॅनोची सुकी पुडी वापरणार असाल तर ताज्याच्या तिसरा हिस्सा घ्या आणि ती पळीतल्या गरम बटरमधेच घाला, कोरडी वरून भुरभुरली तर गवत चघळल्यासारखं लागतं. कोथिंबीर मात्र उलट, तिला आच नको, शेवटी थंड बटरमधे.

आता हे सगळं एकत्र. उरलेलं बटर मऊ झालेलं हवं, वितळलेलं नको. सोलापुरात मार्च ते जून हा प्रश्नच येत नाही, फ्रिजमधून काढून ओट्यावर ठेवलं आणि फोन घ्यायला गेलात तर परत येईपर्यंत सूप झालेलं असतं, त्यामुळे शेवटी काढा. गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसात, जानेवारीत, तेच बटर अर्धा तास दगडासारखं बसतं, तेव्हा पातळ काप करून ठेवा, लवकर मऊ पडतं. वितळवायचा शॉर्टकट नको कारण वितळलेलं बटर ब्रेडमधे शिरून जातं आणि आतून ब्रेड ओला, तेलकट होतो, मऊ बटर वरच राहतं. तर मऊ बटरमधे पळीतलं कोमट झालेलं मिश्रण, वाटीतला ठेचलेला लसूण, कोथिंबीर, भरड मिरची, मिरपूड घालून चमच्याने फेटा. चाखून बघा, आत्ता थोडं जास्त खारट आणि तिखट लागलं पाहिजे, ब्रेडवर गेल्यावर बरोबर होतं. ह्यातलं दोन चमचे साधं बटर आधीच बाजूला काढून ठेवायचं होतं, हे मला सांगायचं राहिलं, ते लसूण न घातलेलं हवंय, लगेच कळेल कशाला.

तवा. भाकरीचा लोखंडी तवा पातळ असतो आणि बहुतेक वेळा मधे खोलगट, गॅसची ज्योत जिथे लागते तिथेच तापतो, म्हणून माझ्या ब्रेडला काळा गोल पडला. सपाट बुडाचा, जाड तवा पाहिजे. बिडाचा डोशाचा तवा सगळ्यात छान, तापायला पाच मिनिटं घेतो पण एकदा तापला की सगळीकडे सारखा. नॉनस्टिक फ्रायपॅनही चालतो, फक्त रिकामा मोठ्या गॅसवर तापत ठेवू नका. जुना पातळ तवाच असेल तर गॅस बारीक ठेवून स्लाइस दर अर्ध्या मिनिटाला थोडा फिरवत राहा, कोपरे मधे आणि मधला भाग कडेला, जमतं, नुसती मेहनत जास्त.

मध्यमपेक्षा किंचित कमी आच. ब्रेडच्या कडेचा तुकडा बटर लावून तव्यावर टाकून बघा, बारीक चुरचुर ऐकू आली पाहिजे. काहीच आवाज नाही तर थांबा, चर्र करून धूर आला तर तवा खाली उतरवून मिनिटभर थांबा. बटरमधले दुधाचे कण लवकर करपतात, तूप मोठ्या आचेला टिकतं कारण ते कण आपण कढवून गाळून काढलेले असतात. म्हणून ज्यांना बारीक गॅसवर उभं राहायचा कंटाळा आहे त्यांनी पहिल्या भाजणीला तूप वापरावं, मीही घाईत तेच करतो.

मग त्या बाजूला काढलेल्या साध्या बटरचा पातळ हात ब्रेडच्या एका बाजूला लावा आणि ती बाजू खाली. दोन ते अडीच मिनिटं. उलथन्याने हलकं दाबा पण सँडविचसारखं चेपू नका, आत हवा राहू दे. सारखं उचलून बघायचं नाही, कड बघा, खालच्या कडेला सोनेरी रेघ दिसायला लागली की उलटा. दुसऱ्या बाजूलाही साधं बटर, आणि ती खाली भाजत असताना वरच्या, आत्ताच भाजलेल्या गरम बाजूवर लसणाचं बटर कडेपर्यंत लावा. इथेच कच्चा लसूण जरा निवतो, बटर खड्ड्याखड्ड्यात जातं, आणि घरात असा वास सुटतो की शेजारचे काका काहीतरी निमित्त काढून येतात. दुसरी बाजू दीड-दोन मिनिटांत होते. आता गॅस अगदी बारीक करा, किंवा बिडाचा तवा असेल तर सरळ बंदच करा, आणि स्लाइस उलटून लसणाची बाजू खाली. मनात वीसपर्यंत मोजा. उचला. बास.

ह्या वीस सेकंदात फोनकडे बघायचं नाही. बेल वाजली तर वाजू दे.

काढल्यावर ताटात ठेवू नका. गरम टोस्टखाली वाफ साठते आणि दोन मिनिटांत बूड मऊ पडतं, एवढी मेहनत वाया. पापड भाजायची जाळी असते ती ताटावर ठेवा आणि टोस्ट त्यावर, किंवा दोन-दोन टोस्ट तंबूसारखे एकमेकांना टेकवून उभे करा. स्टीलच्या डब्यात झाकून तर अजिबात नाही. आई सवयीने चपातीच्या डब्यात फडक्यात गुंडाळून ठेवते आणि मग म्हणते कुरकुरीत कुठंय.

चीज घालायचं असेल तर शेवटचं उलटणं गाळा. लसणाचं बटर वर, त्यावर किसलेलं चीज, तव्याच्या कडेला, ब्रेडपासून लांब, चमचाभर पाणी टाका आणि पटकन झाकण. ३०-४० सेकंद. वाफेने चीज वितळतं. जास्त वेळ झाकलं तर ब्रेड भिजतो. मला स्वतःला चीजवाला एवढा आवडत नाही, लसूण दबतो, पण घरात माझं मत कुणी विचारत नाही.

मला जो आवडतो तो सोलापुरी. लसणाच्या बटरमधे कोथिंबिरीऐवजी चार कढीपत्त्याची पानं बारीक चिरून पळीत परतून घाला, लाल मिरची वगळा, आणि टोस्ट तव्यावरून काढल्या काढल्या वर शेंगाचटणी भुरभुरा. आपली शेंगाचटणी, खलात कुटलेली, तेल सुटलेली, मिक्सरमधला कोरडा भुगा नाही. चटणी तव्यावर न्यायची नाही, दाणे आणि तिखट दोन्ही करपतात, वरूनच. गरम बटरवर ती चिकटते आणि तेल ब्रेडमधे उतरतं. चटणीत लसूण असतोच म्हणून ह्या वेळी ठेचलेला कच्चा लसूण निम्मा करा, नाहीतर दुसऱ्या दिवशी ऑफिसात लोक लांबून बोलतात. ब्रेड संपला असेल तर कडक भाकरीचे मोठे तुकडे करून त्याच बटरमधे घोळवून मिनिटभर परता. कडक भाकरी आधीच खडखडीत असते, तिला भाजायचं नसतंच, नुसतं बटर पाजायचं.

आणि एक गोष्ट गंमत म्हणून नाही, खरंच सांगतोय. लसणाचं बटर जास्त झालं तर बाहेर ओट्यावर ठेवू नका, आणि तेलात कच्चा लसूण बुडवून बरणीत बाहेर तर नकोच नको. तेला-बटरच्या आत लसणाला हवा लागत नाही आणि बोटुलिझमचे जंतू तसल्याच जागी वाढतात, वास बदलत नाही, दिसतही नाही, पण माणूस गंभीर आजारी पडू शकतो. फ्रिजमधे झाकून ठेवा आणि तीन-चार दिवसांत संपवा. जास्त दिवस ठेवायचं असेल तर बटरपेपरमधे गुंडाळी करून फ्रीजरमधे, लागेल तशी चकती कापून घ्या. पण आमच्याकडे उरत नाही, गरम ज्वारीच्या भाकरीवर एक चमचा सोडला तर त्याच्यापुढे टोस्टही मागे पडतो.

भाची परवा परत आली होती, ह्या वेळी टोस्ट तिनेच केला, मी नुसता मागे उभा राहून सेकंद मोजत होतो आणि ती "मामा, गप" म्हणत होती. सहाच्या सहा सोनेरी. आईने एकही घेतला नाही, ब्रेडने पोट बिघडतं म्हणून. मग सगळे बाहेर गेल्यावर तव्यात उरलेल्या बटरमधे कडक भाकरीचा तुकडा फिरवून उभ्या उभ्या खाल्ला, आणि मी बघतोय हे कळल्यावर म्हणाली, मिरची अजून थोडी चालली असती.